कोल्ह्याच्या शिक्क्याची बंदूक

हडसनच्या उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, हेज नदीच्या मुखाशी, यॉर्क फॅक्टरी ही हडसन्स बे कंपनीची मोठी वखार होती. अठराव्या शतकात उन्हाळा लागून नद्यांवरचे बर्फ फुटले की आतल्या मुलखातून क्री आणि असिनिबोइन लोक भूर्जाच्या सालीच्या होड्या भरून कातडी घेऊन तिथे उतरत. सौदा लगेच सुरू होत नसे. आधी भेटवस्तू, मग चिलीम, मग टोळीच्या म्होरक्याचे भाषण. अँड्र्यू ग्रॅहॅम या कंपनीच्या अधिकाऱ्याने अशा भाषणाचा नमुना आपल्या टिपणांत उतरवून ठेवला आहे. माप भरून द्या, तंबाखू चांगली द्या, असे म्हणत म्होरक्या बंदुकांवर येतो. त्याला बंदूक हलकी हवी, हातात नीट बसणारी हवी आणि जिची कळ हिवाळ्यात गोठणार नाही अशी हवी.

युरोपीय व्यापाऱ्याने काचेचे मणी दाखवून भोळ्याभाबड्या रानवासीयांना लुटले, ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलेली असते की हे भाषण वाचताना जरा गोंधळायला होते. हा माणूस भोळा नाही. त्याला काय हवे ते नेमके ठाऊक आहे, ते न मिळाल्यास काय करायचे हेही ठाऊक आहे. दक्षिणेला फ्रेंच व्यापारी बसलेले आहेत आणि त्यांच्याकडच्या त्यूल गावी बनलेल्या हलक्या शिकारी बंदुका नावाजलेल्या आहेत. पुढची दीडशे वर्षे उत्तर अमेरिकेच्या फर-व्यापारात जी स्वस्त बंदूक चालली, तिचा घाट लंडनच्या कारागिरांपेक्षा या गिऱ्हाइकांनीच ठरवला, असे माझे मत आहे. कारागिराने ती बनवली एवढेच.

ती होती ठासणीची, गुळगुळीत नळीची, चकमकीवर चालणारी बंदूक. तोंडाकडून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे. नळीच्या मागच्या टोकाला बाजूने एक बारीक छिद्र असते, तो बंदुकीचा कान. कानाबाहेर छोटी वाटी, तिच्यात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. कळ म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा; तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गार वाटीवरच्या पोलादी झाकणावर घासते, झाकण उघडते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक पेटते आणि कानातून आत गेलेली आग मुख्य बार उडवते. सगळे जुळून आले तर. गार बोथट झाली, रंजक दमट झाली किंवा कान काजळीने बुजला, तर वाटीत नुसता भपका होतो आणि हरिण निघून जाते.

कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की त्या बंदुका गारेवर नव्हे, टोपीवर उडतात. हा टोपीचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

नळीच्या आतून पीळदार खाचा पाडल्या की रायफल होते. गोळी फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. मग गुळगुळीत नळीच कशाला? कारण रायफलीतून छर्रे नीट उडत नाहीत; त्या पिळामुळे ते विखुरतात. रानात राहणाऱ्या माणसाला आज बदक, उद्या ससा, परवा मूस मारायचा असतो. गुळगुळीत नळीत सकाळी छर्रे आणि दुपारी गोळी भरता येते. ती साफ करायला सोपी, ठासायला सोपी, बनवायला स्वस्त. पन्नास-साठ पावलांपलीकडे तिच्या गोळीचा भरवसा नाही, पण दाट जंगलात त्यापलीकडचे दिसते तरी कुठे?

मग पलटणीची बंदूक का नको? ती तर ढिगाने बनत होती. इथे आपल्या इतिहासाशी एक धागा जुळतो. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या ज्या बंदूक-धंद्यातून हडसन्स बे कंपनी माल उचलायची, त्याच धंद्यातून ईस्ट इंडिया कंपनीही आपल्या पलटणींसाठी बंदुका घ्यायची. तिने काटकसरीने ठरवलेला ३९ इंच नळीचा नमुना फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर, १७९० च्या दशकात, खुद्द ब्रिटिश सैन्याने उचलला आणि तो ‘इंडिया पॅटर्न’ म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनीच्या पलटणी हीच बंदूक घेऊन उभ्या होत्या. ती भक्कम होती, पण वजन सव्वाचार किलोच्या पुढे आणि तिची एक गोळी जवळपास ३२ ग्रॅमची. शिसे आणि दारू सरकारी गाड्यावरून येत असेल तर हे चालते. क्री शिकाऱ्याला मात्र शिशाचा कण न् कण कातडी देऊन घ्यायचा आणि मग पाठीवरून किंवा होडीतून शेकडो मैल वाहायचा. व्यापारी बंदुकीची गोळी साधारण १६ ते १८ ग्रॅमची, म्हणजे तेवढ्याच शिशात जवळपास दुप्पट बार. बंदुकीचे वजनही तीन किलोच्या आसपास. शिपायाची बंदूक शेवटी संगीन लावून भाल्यासारखी वापरायची असते, शिकाऱ्याला ते ओझे कशाला?

हलकी करताना ती स्वस्तही झाली. दस्त्याच्या टोकाला पितळेची साधी सपाट पट्टी खिळ्यांनी ठोकलेली. चापाभोवतीचे कडे लोखंडी पट्टी वाकवून केलेले. नळी मागे अष्टकोनी, पुढे गोल, आणि लाकडी दस्त्यात खिळींनी बसवलेली. नक्षी नाही, चांदीकाम नाही. बर्मिंगहॅम भागात कळी एकाने, नळ्या दुसऱ्याने, दस्ते तिसऱ्याने करायचे आणि शेवटी कुणीतरी जुळवायचे, अशी कामाची वाटणी होती, त्यामुळेही किंमत उतरली. लंडनचे विल्सन आणि पुढे बार्नेट ही घराणी या मालाचे मोठे पुरवठादार.

किमतीबद्दल एक दंतकथा आजही पर्यटकांना सांगितली जाते. बंदूक जमिनीवर उभी धरायची आणि तिच्या टोकापर्यंत पोहोचेल एवढी बीव्हरच्या कातड्यांची चळत रचायची, म्हणूनच व्यापारी लबाडीने नळ्या लांब करत गेले, अशी ती गोष्ट. ऐकायला झकास, पण खोटी. हडसन्स बे कंपनीचे दरपत्रक ठरलेले असे. मोजायचे माप होते ‘मेड बीव्हर’, म्हणजे हिवाळ्यात मारलेल्या पूर्ण वाढीच्या बीव्हरचे एक चांगले कातडे. अठराव्या शतकात एका बंदुकीची किंमत वखारीनुसार आणि लांबीनुसार साधारण दहा ते चौदा मेड बीव्हरच्या घरात होती. चार फुटी आणि तीन फुटी नळीच्या किमतींत फरक असे तो एखाद-दुसऱ्या कातड्याचा. शिवाय दशकांमागून दशके नळ्या लांब नव्हे, आखूड होत गेल्या. चळत रचून पैसे कमावणारा व्यापारी स्वतःच्या हाताने चळत कशाला कमी करेल? फसवणूक होतच नव्हती असे नाही. दारूच्या मापात अंगठा घालणे, रम पाणी घालून विकणे, हे सगळे चाले. म्होरक्याच्या भाषणात माप भरण्याची मागणी उगाच नव्हती.

दहा-बारा कातडी म्हणजे किती, याचा अंदाज दुसऱ्या बाजूने घ्यावा लागतो. बंदूक ही एकदा घ्यायची वस्तू. तिच्यामागून दरवर्षी दारू, गोळ्या, छर्रे, गारा यांचा खर्च लागे आणि त्यासाठी पुन्हा वखारीत यावे लागे. कंपनीचा खरा फायदा या परतीच्या फेरीत होता. म्हणून बंदूक परवडणारी असणे कंपनीच्याही सोयीचे होते.

पण परवडणारी आणि खात्रीची यांची गाठ सहजी पडत नाही. कडाक्याच्या थंडीत लोखंड ठिसूळ होते. शून्याखाली तीस-चाळीस अंशांवर, आत दडलेला दोष असलेली नळी फुटली की बोटे जातात, कधी डोळा. फुटलेल्या नळ्यांच्या तक्रारी वखारींच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. कळीत घातलेले तेल घट्ट होऊन घोडा रेंगाळतो, हे म्होरक्याने सांगितलेच होते. कंपनीने दोन उपाय केले. मोठ्या वखारींत बंदुका दुरुस्त करणारा कारागीर ठेवला आणि लंडनमध्ये माल तपासणारा स्वतःचा माणूस नेमला. नळी जास्तीच्या दारूने उडवून तपासायची पद्धत तिथे जुनी होती. १६३७ मध्ये सनद मिळालेल्या लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाचे ते कामच होते. बर्मिंगहॅमला तसे तपासणीगृह कायद्याने १८१३ मध्ये मिळाले. कंपनीचा तपासनीस त्यावर आपला ठसा उमटवी, तो म्हणजे बसलेला कोल्हा.

हा कोल्हा, आणि कळीच्या विरुद्ध बाजूला बसवलेली सापाच्या आकाराची पितळी पट्टी. खवले असलेला, वेटोळ्यांचा साप. काहींना तो ड्रॅगन वाटतो. दोन-तीन स्क्रूंची डोकी टेकायला काहीतरी पट्टी लागते, तेवढेच तिचे काम. साधी पट्टीही चालली असती. पण गिऱ्हाइकाला ती चालत नव्हती. साप नसलेली बंदूक लोक परत करत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सरकारच्या आणि अमेरिकन फर कंपनीच्या लोकांना हे चांगलेच जाणवले. देशी कारखान्यांत बनवलेली बंदूक पुढे केली की माणूस ती उलटून पाही, साप शोधी, कोल्हा शोधी, आणि नसेल तर ठेवून देई. मग फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर (याच घराण्याच्या चिमुकल्या पिस्तुलाने १८६५ मध्ये लिंकनचा जीव घेतला), लँकेस्टरचा हेन्री लेमन, ट्रायन, असे अमेरिकन कारागीर निमूटपणे साप ओतू लागले. बेल्जियममधल्या लिएजच्या कारखानदारांनी तर बार्नेटच्या नावासकट नकला काढल्या.

यात अंधश्रद्धा पाहणारे लेखक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याला नळीच्या आतला लोखंडाचा दोष डोळ्यांनी दिसणार नाही, त्याने बाहेरच्या खुणेवरच विश्वास ठेवायचा असतो. सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतो, तसाच हा व्यवहार. या खुणेची बंदूक आपल्या बापाने वीस वर्षे वापरली आणि ती फुटली नाही, एवढा पुरावा त्याच्याकडे होता. लंडनच्या तपासनिसापेक्षा तो पुरावा काही कमी नाही.

तिसरी खूण चापाभोवतीचे मोठे कडे. इतर बंदुकांच्या मानाने ते बेढब दिसते. पण लोकरीच्या किंवा कातड्याच्या जाड मोज्यासकट बोट आत जावे, हा त्याचा हिशेब. उणे तीस अंशांत उघडे बोट थंड लोखंडाला लावून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही, आणि लंडनच्या कारागिराने ते लावून पाहिलेले नव्हते.

बंदुकीने लढाया कशा बदलल्या याचे एक चित्र डेव्हिड थॉम्पसनच्या लेखनात आहे. पुढे सर्वेक्षक झालेला हा तरुण १७८७ च्या हिवाळ्यात पीगन लोकांच्या तळावर राहिला होता. तिथे सौकामापी नावाच्या वृद्धाने त्याला आपल्या तारुण्यातली हकीकत सांगितली. स्नेक लोकांशी झालेल्या एका लढाईत त्याच्या बाजूला मिळून दहा बंदुका होत्या, प्रत्येकाकडे तीसेक गोळ्या. शत्रूला बंदूक म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मोठ्या ढालींआडून ते बाण मारायला वर उठले की इकडून बार निघे. शेकडो माणसांच्या लढाईत दहा बंदुका. गवताळ मैदानांवर सत्तेचा तोल कसा हलला, हे त्यावरून कळते.

त्याच मैदानांवर या बंदुकीची लांबी कमी झाली. जंगलात, होडीत, पायी चालताना चार फुटी नळी खपून जाते. घोड्यावर बसून भरधाव धावणाऱ्या बायसनच्या कळपात शिरायचे तर ती लांबी गळ्याशी येते. म्हणून एकोणिसाव्या शतकात ३० इंच नळीची मागणी वाढत गेली आणि कारखानदारांनी ती पुरवली. तेवढ्यावर गिऱ्हाइकाचे समाधान झाले नाही. तो कानस घेऊन बसे आणि नळी आणखी कापी, वीस इंचांपर्यंत, कधी त्याहूनही खाली. कधी नळीचे तोंड फाटलेले असायचे, मग कापण्यावाचून इलाजच नसे. कधी अंगावरच्या कांबळ्याखाली लपेल अशी बंदूक हवी असायची. कापून उरलेला तुकडा वाया जात नसे. त्याचे टोक ठोकून चपटे करायचे, दाते पाडायचे आणि बायसनच्या कातड्यावरचे मांस खरवडायला वापरायचे. संग्रहालयांत अशी अवजारे आजही आहेत.

आखूड बंदुकीचे खरे काम पाहायचे तर रेड नदीकाठच्या मेती लोकांची शिकार पाहावी. मेती म्हणजे फर-व्यापारातले युरोपीय पुरुष आणि तिथल्या स्त्रिया यांच्या संसारातून उभा राहिलेला समाज. १८४० च्या मोहिमेचे वर्णन अलेक्झांडर रॉसने केले आहे: १६३० माणसे, १२१० बैलगाड्या-घोडागाड्या, ४०० घोडेस्वार शिकारी. कळप दिसला की स्वार एका रांगेत सुटत. तोंडात चार-पाच गोळ्या धरलेल्या. शिंगातून अंदाजाने दारू नळीत ओतायची, तोंडातली गोळी थेट नळीत थुंकायची आणि दस्ता खोगिरावर आपटायचा. थुंकीने ओली झालेली गोळी क्षणभर दारूला चिकटून राहते. चिंधी नाही, गज नाही. वापरून कान झिजून मोठा झाला असेल तर आपटल्याबरोबर थोडी दारू आपसूक वाटीत उतरते आणि रंजक भरायचेही काम वाचते. मग नळी वर धरूनच जनावराच्या बरगडीशी न्यायची, खाली करायची आणि त्याच क्षणी चाप ओढायचा. नेम धरायला वेळ नसतो आणि गरजही नसते, कारण अंतर चार-पाच हात.

रायफलीने हे करता येत नाही. तिची गोळी नळीत घट्ट बसवावी लागते, ती थुंकून खाली जात नाही. गुळगुळीत नळीत सैल जाणारी गोळी हा इतर ठिकाणी दोष, इथे तोच गुण ठरला. पण तो जीवघेणाही होता. नळी खाली झुकली आणि गोळी पुढे घरंगळली, तर दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहते आणि नळी फुटते. रॉसने वर्णन केलेल्या त्या दिवशी एकाच वेळी तेवीस घोडे आणि स्वार जमिनीवर लोळत होते. एकाच्या खांद्याचे हाड मोडले, एकाची बंदूक फुटून तीन बोटे गेली. संध्याकाळी तळावर १३७५ जिभा मोजल्या गेल्या. त्या काळातला टोरोंटोचा चित्रकार पॉल केन १८४६ मध्ये अशाच शिकारीबरोबर गेला होता आणि त्याने ती रंगवली आहे.

आता टोपीचा मुद्दा. ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फोर्सिथने १८०७ मध्ये घेतले आणि १८२० च्या दशकात तांब्याची छोटी टोपी बाजारात आली. ती पावसात जास्त भरवशाची, झटकन पेटणारी. युरोपातली सैन्ये विसेक वर्षांत तिच्याकडे वळली. फर-व्यापारात मात्र चकमकीची बंदूक १८६० च्या दशकापर्यंत तग धरून होती. ही मागासलेपणाची निशाणी नव्हे. गार इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या ब्रँडनहून यायची खरी, पण ती संपली तर नदीकाठी बरा दगड शोधून, तोडून, घोड्याच्या जबड्यात बसवता येतो. टोपी संपली की बंदूक म्हणजे दांडके. पुढची वखार तीनशे मैलांवर असताना शहाणा माणूस कोणती निवडेल? मोज्यातल्या सुन्न बोटांनी मसुराएवढी टोपी बसवणे हाही एक प्रकारच होता.

या बंदुकीचा पद्धतशीर अभ्यास फार उशिरा झाला. नेब्रास्कातल्या चार्ल्स हॅन्सन (धाकटे) यांचे ‘द नॉर्थवेस्ट गन’ हे पुस्तक १९५५ चे. त्याच राज्यात चॅड्रन गावाजवळ, जेम्स बोर्दो या व्यापाऱ्याच्या जुन्या ठाण्याच्या जागी, फर-व्यापाराचे संग्रहालय आहे, तेही त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिलेले. खानदानी उमरावांच्या चांदीने मढवलेल्या बंदुकांवर त्याआधी ग्रंथ निघाले होते. लाखांनी विकल्या गेलेल्या या बंदुकीकडे संग्राहक ढुंकूनही पाहत नव्हते, आणि वापरून, कापून, मोडून तिच्या चांगल्या प्रती फारशा उरल्याही नाहीत.

आज अमेरिका-कॅनडात इतिहासाचे प्रयोग करणारे हौशी लोक पुन्हा अशीच बंदूक शोधतात: स्वस्त, आखूड, गुळगुळीत नळीची, दगा न देणारी. कायदाही तिच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात चकमकीच्या बंदुकीची नक्कल बहुतेक बाबतींत पुराणवस्तू धरली जाते. कॅनडात तर चकमकीच्या लांब बंदुकीच्या नव्या नकलेलाही सवलत आहे, पण टोपीवाल्या नव्या नकलेला परवाना लागतो.

आणि बाजारातल्या स्वस्त नकलांपैकी बऱ्याच भारतात बनलेल्या असतात. निर्यात करताना त्या शोभेच्या वस्तू म्हणून जातात, म्हणजे नळीला कान पाडलेलाच नसतो. तो पलीकडचा विक्रेता पाडतो. इटलीतल्या गार्दोने गावच्या बंदुका कायद्याने तपासून, ठसा मारून येतात आणि त्या मानाने महाग पडतात. भारतीय मालावर तसा ठसा नसतो, म्हणून हौशी मंडळींत त्यावरून कडाक्याचे वाद झडतात: नळीची शिवण कशी आहे, ती कुणी उडवून पाहिली आहे का, विकणारा जबाबदारी घेतो का. जाणते लोक नवशिक्याला सांगतात की घेण्याआधी वाटीवरच्या पोलादी झाकणाची परीक्षा करा. ते नीट कठीण केलेले नसेल, आणि स्वस्त मालात पुष्कळदा नसतेच, तर गार कितीही धारदार लावली तरी ठिणग्या पडत नाहीत. मग ते काढून, लाल तापवून, पुन्हा विझवून घ्यावे लागते, आणि ते काम जाणणारा लोहार आता शोधावा लागतो.